थोर वादकांच्या यादीत पेटीवाले कोठे?

सुरत शहराच्या दक्षिण अंगास, उधन्याला लागून, पांडेसरा नावाची वसाहत आहे. कृत्रिम धाग्याच्या साड्यांची रंगाई-छपाई करणारे कारखाने आणि त्यांच्या भोवती कामगारांच्या चाळी, असे तिचे सामान्य स्वरूप. ह्या कामगारांत ओडिशा, उत्तर प्रदेश व बिहार येथून आलेले लोक पुष्कळ आहेत. त्याचप्रमाणे ताप्तीकाठच्या सुरत-भुसावळ लोहमार्गाने नंदुरबार, धुळे, जळगाव ह्या भागांतून आलेली खानदेशी कुटुंबेही मोठ्या संख्येने आहेत. घरात अहिराणी, शाळेत मराठी, कारखान्यात हिंदी आणि बाजारात गुजराती अशी ह्या कुटुंबांतील मुलांची भाषिक दिनचर्या असते. तेथील एका मराठी शाळेच्या शिक्षकांत गेल्या वर्षी एक वाद उत्पन्न झाला. तो वाद त्यांनी पत्राने आमच्याकडे पाठविला, आणि पुढे तेथे जाण्याचा योग आल्यामुळे त्यातील सर्व पक्ष आम्हांस समक्ष ऐकावयास मिळाले. वाद वरवर पाहता लहान आहे. परंतु त्याच्या मुळाशी कलाविचारातील एक जुना प्रश्न असल्यामुळे येथे त्याची सविस्तर चर्चा करण्याचे योजिले आहे.

प्रकार असा झाला. शाळेतील संगीताच्या खोलीत थोर वादकांची बारा चित्रे लावावयाची ठरले. सात चौकटी विनातक्रार भरल्या. सतारीला रविशंकर, सरोदाला अली अकबर खाँ, सनईला बिस्मिल्ला खाँ, बासरीला पन्नालाल घोष, सारंगीला राम नारायण, तबल्याला अहमदजान थिरकवा आणि व्हायोलिनला आपले गजाननबुवा जोशी. उरलेल्या पाच चौकटी पट्ट्यांच्या वाद्याला द्याव्यात, असे ठरताच मतभेद सुरू झाले. एका तरुण शिक्षकाने लिस्ट, राखमानिनॉव्ह, होरोविट्झ, रिख्टर व ग्लेन गूल्ड ह्या पाच पियानोवादकांची नावे सुचविली. दुसऱ्या एका ज्येष्ठ शिक्षकांचे म्हणणे असे की, पांडेसऱ्यातील मुलांनी पियानो उभ्या जन्मात पाहिलेला नाही; उलट पेटी प्रत्येक भजनी मंडळात आहे, तेव्हा पाचही चित्रे पेटीवादकांचीच हवीत. तिसऱ्यांनी ह्या दोघांनाही विरोध केला. पेटी हे साथीचे वाद्य आहे; तिच्या वादकास रविशंकरांच्या ओळीत बसविणे म्हणजे नवरदेवाच्या पाटावर करवल्याला बसविण्यासारखे आहे, असे त्यांचे मत पडले.

करवल्याचा हा दृष्टांत आम्हांस विशेष वाटला, कारण सगळा वाद त्यात साठविलेला आहे. साथ करणारा कलावंत कितीही गुणी असला तरी तो थोर ठरू शकतो किंवा नाही? आणि ठरत असल्यास त्याचे थोरपण कोणत्या मापाने मोजावयाचे?

पियानोच्या जगात अशा याद्या सहज का होतात, ते प्रथम पाहू. पॅरिस येथे १८३७ साली राजकुमारी बेल्जोयोझो हिच्या दिवाणखान्यात लिस्ट आणि थालबर्ग ह्या दोन वादकांचा सामना झाला. तेव्हापासून ‘श्रेष्ठ कोण’ हा प्रश्न युरोपीय रसिकांच्या तोंडी कायमचा बसला. त्या सामन्यात दोघांनीही आपापल्या रचना वाजविल्या होत्या, म्हणून निकाल कोणाच्याच बाजूने स्पष्ट लागला नाही. पुढे वादकाने स्वतःची नव्हे, तर बेटहोव्हेन, शोपँ इत्यादिकांची लिहून ठेवलेली रचना वाजवावयाची, अशी प्रथा दृढ झाली आणि तुलनेला पक्की भूमी मिळाली. बेटहोव्हेनच्या ३२ सोनाटा आर्टुर श्नाबेल ह्यांनी १९३२ ते १९३५ ह्या काळात प्रथमच संपूर्णपणे ध्वनिमुद्रित केल्या. त्यानंतर ज्या कोणी त्या वाजविल्या, त्याला श्नाबेलच्या शेजारी उभे राहावेच लागले. ग्लेन गूल्ड ह्यांनी तर बाखच्या गोल्डबर्ग रूपांचे १९५५ मध्ये एकदा व १९८१ मध्ये पुन्हा एकदा मुद्रण केले, त्यामुळे त्यांची तुलना त्यांच्याशीच करता येते! स्वरलिपी तीच, वाद्य तेच, आणि ऐकणाराच्या हाती दोन तबकड्या: यादी करणाऱ्याला ह्याहून अधिक सोय ती काय हवी?

तरीही वाद मिटला आहे असे नव्हे. श्नाबेलच्या मुद्रणांत चुकीचे स्वर लागलेले आहेत हे सर्वश्रुत आहे, आणि होरोविट्झची बोटे कशी विजेसारखी चालत हेही सर्वश्रुत आहे. बोटांची तयारी हे माप धरले तर श्नाबेल मागे पडतात. रचनेच्या आशयाचे आकलन हे माप धरले तर त्यांना दूर सारता येत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस फिलिप्स कंपनीने विसाव्या शतकातील थोर पियानोवादकांची २०० तबकड्यांची एक प्रचंड मालिका काढली. तीत ७२ वादक घेतले होते. कोणास घेतले व कोणास वगळले ह्यावरून पाश्चात्त्य रसिकांत बराच खल झाला. आम्हांस मात्र त्या ७२ नावांत एक अनुपस्थिती विशेष जाणवते, ती जेराल्ड मूर ह्यांची.

मूर (१८९९–१९८७) हे इंग्रज पियानोवादक. आयुष्यभर त्यांनी मुख्यतः गायकांची साथ केली. १९६७ साली लंडनला त्यांचा निरोपाचा जलसा झाला. त्या रात्री श्वार्त्सकॉफ, डे लोस अँजेलिस व फिशर-डीस्काउ हे त्या काळचे तीन अग्रगण्य गायक त्यांच्यासाठी एका व्यासपीठावर येऊन गायले. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी ‘माझा आवाज फार मोठा होतो का?’ अशा अर्थाचे नाव दिले आहे. साथीला बसणाऱ्या प्रत्येकाच्या मनातला हा प्रश्न. म्हणजे करवल्याची अडचण केवळ आपल्याकडचीच आहे असे नाही. ज्या देशांत याद्या करण्याचे शास्त्रच बनले, तेथेही साथीचा श्रेष्ठ कलावंत यादीबाहेर राहिला.

आता पेटीकडे वळू. हार्मोनियमचे पेटंट अलेक्झांडर देबें ह्याने १८४२ मध्ये पॅरिस येथे घेतले. ते पायाने भाता चालवावयाचे वाद्य होते. मांडी घालून बसणाऱ्या आपल्या गायकांसाठी त्याची हातपेटी कलकत्त्यास झाली आणि बघता बघता ती देशभर पसरली. पेटीच्या सुरांसाठी म्हणजे पितळी पात्यांसाठी सौराष्ट्रातील पालिताणे हे गाव पुढे नावारूपास आले. पांडेसऱ्यातील मुलांना हे सांगावयास हरकत नाही, कारण त्यांच्या राहत्या राज्यातलीच ती गोष्ट आहे.

पेटी आणि पियानो ह्या दोहोंस पट्ट्या आहेत म्हणून ती एका जातीची वाद्ये, असे समजणे ही पहिली चूक होय. पियानोत पट्टी दाबली की आतील हातोडी तारेवर आघात करते. आघात जेवढा जोरकस तेवढा स्वर मोठा, आणि एकदा उमटला की तो विरत जाणार. म्हणून पियानोवादकाची सारी कला बोटाच्या स्पर्शात असते. पेटीत पट्टी ही केवळ एक दार आहे. ते उघडले की वारा पात्यातून जातो, आणि दार जोराने उघडले काय किंवा हलके उघडले काय, स्वर मूलतः तोच. स्वराचा लहानमोठेपणा, त्याचा श्वास, त्याची फेक हे सर्व भात्यावरच्या डाव्या हातात असते. पियानोवादकाचे दोन्ही हात स्वरांवर असतात. हातपेटीवाल्याचा एक हात स्वर काढतो व दुसरा त्यांना प्राण देतो. सामान्य श्रोता उजव्या हाताकडे बघतो. जाणत्याने डाव्या हाताकडे पाहावे.

दुसरी गोष्ट सुरांची. पियानोप्रमाणे पेटीचे सप्तकही बारा समान भागांत विभागलेले असते. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले, तर तंबोऱ्याच्या नादातून आपोआप निघणारा गंधार सुमारे ३८६ व्या भागावर येतो; पेटीचा गंधार मात्र ४०० व्यावर बसलेला असतो. चौदा भागांचे हे अंतर शिकलेल्या कानाला खुपते. पंचमात हे अंतर अवघे दोन भागांचे असल्यामुळे तेथे ते जाणवत नाही. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड पट्टीवर काढता येत नाही, कारण दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नसते. व्हायोलिनही परदेशीच, पण गजाननबुवांच्या चित्राला पांडेसऱ्यात कोणी हरकत घेतली नाही, त्याचे कारण हेच की व्हायोलिनवर मींड निघते. पेटीवरील खरा आक्षेप ती परकी आहे हा नसून ती आपल्या गळ्याचे अनुकरण पुरतेपणी करू शकत नाही, हा आहे.

ह्याच आक्षेपाने पुढे राजदंड हाती घेतला. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी केली. गंमत अशी की, ह्या बंदीची वैचारिक पूर्वतयारी करणाऱ्यांत जॉन फोल्ड्स हे आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रातील इंग्रज संगीतकार अग्रभागी होते. रवींद्रनाथांचाही पेटीविरुद्धच कौल होता. स्वातंत्र्य आले तरी बंदी राहिली. १९७१ साली ती सैल झाली, तीही आधी साथीपुरती आणि ठराविक कलावंतांपुरती. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ ह्या देशातील सर्वांत मोठ्या श्रोतृवर्गाच्या कानावर रेडिओवरून पेटी पडली नाही. ज्यांच्या नावांची उद्घोषणा झाली त्यांची नावे लोकांच्या तोंडी बसली. पेटीवाल्यांच्या नावाची उद्घोषणा होण्याचा प्रश्नच नव्हता. तिसऱ्या शिक्षकांना पेटीवाले रविशंकरांच्या ओळीत शोभत नाहीत असे जे वाटले, त्यात ह्या बंदीचा वाटा किती आणि कलाविचाराचा किती, हे त्यांनी स्वतःशीच तपासून पाहावे, अशी आमची विनंती आहे.

पेटी ह्या काळात जगली ती बैठकीत, नाटकात आणि भजनात. म्हणून तिच्या श्रेष्ठांचा शोधही तेथेच घ्यावा लागतो.

पहिले नाव गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) ह्यांचे येणार, हे उघड आहे. पांडेसऱ्याच्या तिन्ही पक्षांना, शेवटी शेवटी, ते मान्य झाले. परंतु ज्या कारणाने झाले ते आम्हांस पटत नाही. ‘मानापमान’ नाटकाला १९११ साली त्यांनी चाली दिल्या, गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापकांपैकी ते एक होते, ‘अयोध्येचा राजा’ ह्या १९३२ च्या बोलपटात ते हरिश्चंद्र झाले, त्यांनी ग्रंथ लिहिले — ही सारी कर्तबगारी मोठी आहे, पण ती पेटीची नव्हे. त्यांच्या ऐन उमेदीतील पेटीबद्दल आपण जे बोलतो ते मुख्यतः ऐकणाऱ्यांच्या साक्षीवरून. साक्ष मात्र भक्कम आहे. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातील भैयासाहेब गणपतरावांनी पेटीवर ठुमरी उभी केली होती. त्यांच्या वादनाचा संस्कार घेऊन आणि भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाला साथ करून टेंब्यांनी पेटीला महाराष्ट्रातील बैठकीत मानाची जागा मिळवून दिली. लिस्टचे तरी दुसरे काय आहे? त्याचे एकही मुद्रण नाही, तरी त्याला यादीतून काढण्यास कोणी धजत नाही. टेंब्यांचे चित्र लावावे. मात्र त्याखाली नाटककंपनीचे मालक म्हणून लिहू नये.

पी. मधुकर म्हणजे मधुकर पेडणेकर (१९१६–१९६७). स्वतंत्र वादन हे माप धरले तर ह्यांच्याइतका निर्विवाद अधिकार दुसऱ्या कोणाचा दिसत नाही. त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्यास बोटांची सफाई, वेग आणि त्या वेगातही प्रत्येक स्वराचा सुटेपणा हे गुण तत्काळ जाणवतात. होरोविट्झचा चाहता असलेल्या त्या तरुण शिक्षकाने आमच्यासमोर प्रथमच ही मुद्रिका ऐकली आणि आपल्या पाच नावांपैकी एक नाव तेथल्या तेथे मागे घेतले. कोणते, ते त्याने सांगितले नाही! पण येथेही बंदीची सावली पडलेली आहे. ती आली तेव्हा मधुकरांचे वय चोविशीच्या आसपास, आणि ती सैल होण्याच्या चार वर्षे आधी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कर्तृत्वाची सारी वर्षे त्या तीस वर्षांत गेली. त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) ह्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. गुरूला जे दार बंद होते ते शिष्याला एवढे उघडले, ही समाधानाची गोष्ट होय.

आतापर्यंत पियानोचेच माप आपण पेटीला लावीत आलो. एकट्याने बसून वाजविणारा तो वादक, हे ते माप. ह्या मापाने पेटीची यादी केली तर ती फार आखूड होते, आणि दुर्दैव असे की महाराष्ट्राने पेटीवर जे सर्वांत मोठे काम केले ते तिच्यात येतच नाही. ते काम साथीचे आहे.

साथ म्हणजे काय, ह्याविषयी सुशिक्षितांतही गैरसमज आहे. गाणारा जे गातो तेच मागोमाग वाजवावयाचे, एवढीच साधारण कल्पना असते. वस्तुतः गवयाच्या तोंडून स्वरसमूह बाहेर पडत असतानाच साथीदाराला तो ओळखावा लागतो, आणि केसाएवढ्या अंतराने त्याची छाया धरावी लागते. अंतर वाढले तर प्रतिध्वनी होतो. अंतर नाहीसे होऊन पेटी पुढे गेली तर गवयाचा विचार मोडतो. गवयाने श्वास घेतला की मधली पोकळी भरावयाची, परंतु त्याने जी जागा घेतलेली नाही ती आपण घ्यावयाची नाही. एकाची पट्टी काळी एक, दुसरीची काळी पाच, तिसऱ्याची पांढरी चार. पट्टी बदलली की त्याच रागाला बोटांची वाट निराळी होते, आणि ह्या साऱ्या वाटा अंधारातही सापडाव्या लागतात. सप्तक सरकविणारी पेटी निघाली आहे, पण जुन्या जाणत्यांना तिची गरज भासली नाही. जी मींड पेटीत नाही तिचा भास कणस्वरांनी व भात्याच्या दाबाने निर्माण करावयाचा. आणि जेथे भासही होणार नाही तेथे गप्प बसावयाचे.

हे शेवटचे वाक्य आम्ही ग्रंथांतून घेतलेले नाही. पांडेसऱ्यात आमच्या चर्चेच्या वेळी शिक्षकांनी एका वृद्ध गृहस्थांना बोलाविले होते. छपाईच्या कारखान्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ पस्तीसएक वर्षे विठ्ठलमंदिरातील भजनात पेटी वाजवीत आले आहेत. आम्ही सर्वजण एका ख्यालाचे मुद्रण ऐकत होतो. पेटीची साथ कोणाची हे आम्ही त्यांना सांगितले नव्हते. मध्येच ते म्हणाले, “इथं त्यानं बोट उचललं, ऐकलं का? बाईंचा गंधार पेटीत नाही, हे त्याला ठाऊक आहे.” आम्ही तो भाग तीनदा लावला. पेटी खरोखरच तेवढ्या एका स्वरावर थांबत होती आणि मध्यमावर पुन्हा येत होती. ३८६ आणि ४०० हे आकडे आम्ही ग्रंथांतून शिकलो. त्यांनी ते बोटाने शिकून घेतले होते. ज्येष्ठ शिक्षकांनी लगेच त्यांना विचारले, मग थोर कोण? त्यांनी उत्तर दिले, “ज्याला धरून गाणाऱ्याला भीती वाटत नाही तो.” ही व्याख्या आम्ही स्वीकारली आहे, आणि पुढील निवड तिच्याच आधारे केली आहे.

ह्या मापाने अप्पा जळगावकर (१९२२–२००९) आणि गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६) ह्यांची नावे सहजच पुढे येतात. आडनावावरून अप्पा खानदेशचे असा पांडेसऱ्यात पक्का समज होता, आणि त्यांच्या चित्राला सर्वांत मोठी अनुकूलता त्यामुळेच होती, हे आम्हांस हसत हसत नमूद करावे लागते. ते मराठवाड्यातले, जालन्याकडचे. हे सांगितल्यावर थोडी निराशा झाली, पण मत बदलले नाही. अप्पांनी भीमसेन जोशी, जसराज, किशोरी आमोणकर ह्यांसारख्या परस्परांहून अगदी भिन्न प्रकृतीच्या गवयांना साथ केली. भीमसेनांची आवाजाची झेप आणि किशोरीताईंचे स्वरातील सूक्ष्म चिंतन, ह्या दोहोंस एकच माणूस निःशंकपणे आधार देतो, ही गोष्ट कोणत्याही स्वतंत्र वादनाहून कमी अवघड नाही. पेटीची पट्टी हा एक अडसर आहे, हे त्यांचे वादन ऐकताना ध्यानातच येत नाही. संगीत नाटक अकादमीने त्यांना २००० साली गौरविले.

पटवर्धनांचे प्रकरण आणखी चित्तवेधक आहे. रीतसर गुरुगृही शिक्षण न घेता ते केवळ कानाच्या बळावर तयार झाले. नाट्यसंगीताची पायपेटी आणि ख्यालाची हातपेटी ह्या दोन निराळ्या विद्या आहेत. नाटकात पेटीवाल्याने नटाला सूर द्यावयाचा असतो, पदाची उठावणी करावयाची असते, प्रसंगी नटाची चूक झाकावयाची असते. ख्यालात त्याने मागे राहावयाचे असते. गोविंदरावांच्या ठिकाणी ह्या दोन्ही विद्या एकत्र नांदल्या. गळ्यातून निघालेली अवघड जागा जशीच्या तशी, आणि तत्क्षणी, पेटीतून ऐकू यावी ह्याचे आश्चर्य त्यांच्या समकालीन गवयांनाही वाटे. त्यांच्याविषयी वाद होत नाही. वाद न होणे ही पांडेसऱ्यात विरळा गोष्ट होती.

चार नावे झाली. पाचव्या चौकटीसाठी मात्र आमच्यापुढे मोठीच गर्दी झाली. बोरकर आहेतच. भीमसेनांच्या कित्येक मैफलींत बसलेले पुरुषोत्तम वालावलकर आहेत. मनोहर चिमोटे (१९२९–२०१२) आहेत; त्यांनी पेटीत सुधारणा करून तिला ‘संवादिनी’ असे नाव दिले आणि स्वतंत्र वादनासाठी तिला सिद्ध केले. नाव बदलल्याने वाद्य बदलते का, ह्याबद्दल आम्ही साशंक आहो. चिमोट्यांच्या साधनेबद्दल नाही. कोणी एकाने पु. ल. देशपांड्यांचे नाव सुचविले. पु. ल. पेटी फार गोड वाजवीत, ह्यात शंका नाही, आणि ती भिंत पाहणाऱ्या मुलांना त्यांचेच चित्र सर्वांआधी ओळखू येईल. परंतु ओळखू येणे हे माप धरले तर मग आपण एवढा वेळ बोललो कशाला?

आम्ही रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) ह्यांचे नाव सुचविले. बेळगावचे विठ्ठलराव कोरगावकर हे जुन्या पिढीतील नामांकित पेटीवादक. विजापुरे हे त्यांचे शिष्य. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी अशा धारवाडी मातीतल्या गवयांची साथ त्यांनी केली, शेकडो विद्यार्थ्यांना पेटी शिकविली, आणि नव्वदी ओलांडून ते गेले. स्वतंत्र वादन आणि साथ ह्या दोन्ही मापांनी ते उणे नाहीत. तरीही मुंबई-पुण्याकडे होणाऱ्या याद्यांत त्यांचे नाव सहसा तळाशी येते किंवा राहूनच जाते. ह्याला बोटे जबाबदार नाहीत, भूगोल जबाबदार आहे. बेळगाव आणि पांडेसरा ही दोन्ही गावे महाराष्ट्राच्या सीमेबाहेरची. मराठी बोलणाऱ्या पण महाराष्ट्रात न राहणाऱ्या मुलांच्या भिंतीवर तरी बेळगावचा मनुष्य असावा, असे आम्ही म्हटले. हे कारण शुद्ध संगीताचे नाही, असा आक्षेप त्या तरुण शिक्षकाने घेतला. आक्षेप खरा आहे. दोघे सारख्या तोलाचे असता निवड करण्यास बाहेरचे कारण लागते, एवढेच आमचे समर्थन; बोरकरांचे चाहते रागावतील हे ठाऊक असूनही आम्ही ते मागे घेत नाही.

करवल्याच्या दृष्टांताला उत्तर द्यावयाचे राहिले. ते तिसऱ्या शिक्षकांनी स्वतःच दिले असे म्हणावयास हरकत नाही. त्यांनीच निर्वेधपणे मान्य केलेल्या पहिल्या सात चित्रांत थिरकव्यांचे चित्र होते. आणि अहमदजान थिरकवा बालगंधर्वांच्या नाटकांत तबल्याच्या साथीला बसत असत. राम नारायण हेही आकाशवाणीवर सारंगीची साथ करीतच पुढे आले. साथीदार म्हणून तबला-सारंगीवाल्यांना जी मुभा, ती पेटीवाल्यांना का नको, असे विचारल्यावर ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले की, तबला हा तालाचा मालक असतो, पेटी कशाचीच मालक नसते. हे म्हणणे विचार करण्यासारखे आहे. पेटी मालक नसते हे खरे. तिचे सारे कौशल्य दुसऱ्याच्या मालकीच्या विचारात शिरण्याचे आहे. तेवढ्यासाठी तिला खालची पायरी द्यावी असे आम्हांस वाटत नाही, त्यांना अजूनही वाटते.

चित्रे आता लागली आहेत. जाण्यापूर्वी त्या तरुण शिक्षकाने आम्हांस एकच विचारले: पियानोला एकही चौकट नाही, हा अन्याय नव्हे काय? दाराच्या वर एक तेरावी जागा रिकामी आहे. तेथे होरोविट्झ लावावयाचे असल्यास आमची हरकत नाही. आमचे मत विचाराल तर जेराल्ड मूर ह्यांचे चित्र लावावे, आणि ते सुरतेत मिळाले नाही तर आम्ही येथून पाठवू.